काम थांबविण्याची विद्या

कारखान्यात नवीन कामगार दाखल होतो त्या दिवशी त्याच्याकडून जी कागदपत्रे भरून घेतली जातात, त्यांत सुरक्षा-प्रशिक्षण मिळाल्याची कबुली देणारा एक तक्ता अलीकडे हटकून असतो; त्या तक्त्यावर सही अथवा अंगठा घेतला, डोक्यावर पिवळे हेल्मेट ठेवले आणि अर्धा तास एखादी चित्रफीत दाखविली, की दफ्तरी तो कामगार प्रशिक्षित म्हणून नोंदला जातो आणि पुष्कळदा त्याच पाळीत यंत्रापुढे उभा केला जातो. ही नोंद खोटी असते असे म्हणता येणार नाही, कारण चित्रफीत खरोखर दाखविलेली असते आणि सहीही त्यानेच केलेली असते. परंतु पुढे महिन्याभराने पॉवर प्रेसमध्ये जॉब अडकला असता, हात आत घालण्यापूर्वी प्रेस कोठून बंद करावयाचा, आपला हात आत असताना दुसऱ्या कोणी तो सुरू करू नये म्हणून काय तजवीज करावयाची, आणि उत्पादनाचा तगादा लावून उभ्या असलेल्या सुपरवायझरला 'थांबा' असे म्हणण्याची आपल्याला मुभा आहे की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला ठाऊक नसतील, तर त्या सहीचा उपयोग अपघातानंतरच्या चौकशीत मालकाच्या बचावासाठी सादर करावयाचा एक दस्तऐवज एवढाच उरतो. कामगारांच्या सुरक्षा-शिक्षणाचा विचार या तीन प्रश्नांपासून सुरू झाला पाहिजे. आणि त्यांतला तिसरा, जो कोणत्याही चित्रफितीत नसतो, तोच सर्वांत महत्त्वाचा आहे असे माझे मत आहे.

आपल्या देशात कारखान्यातील धोक्यांची दखल सरकारदरबारी प्रथम घेतली गेली ती मुंबईच्या कापड-गिरण्यांमुळे. १८७५ साली मुंबई सरकारने गिरण्यांतील परिस्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा संमत झाला. बालकामगारांच्या वयाला आणि तासांना मर्यादा घालावी, धोकादायक यंत्रांभोवती कठडे असावेत, अपघात घडल्यास वर्दी द्यावी, एवढाच त्याचा आवाका होता. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरवून सरकारकडे जो अर्ज केला, त्यात आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार यांबरोबरच, कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशीही मागणी होती. ती मागणी सर्वस्वी न्याय्य होती, आणि तिची दाद लागायला १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा यावा लागला. मात्र दुखापत होण्यापूर्वी माणसाला काही शिकवावे लागते, हा विचार त्या काळी ना सरकारच्या मनात होता ना मालकाच्या. तळकोकणातून किंवा घाटावरून आलेला, कालपर्यंत नांगर धरणारा तरुण गावच्या नातलगाचे बोट धरून खात्यात शिरे, बदली म्हणून महिनोन् महिने काढी, आणि जॉबरच्या शिव्या खात, शेजारच्या साच्यावरील माणसाचे पाहून काम उचली.

या जुन्या पद्धतीला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. तिच्यात शिकविणारा आणि शिकणारा एकाच बोलीचे असत, शिक्षण हातांनी हातांना दिले जाई, आणि चूक झाली तर जागच्या जागी कान धरला जाई. परंतु या वाटेने कसब जसे एका पिढीकडून दुसरीकडे येई, तशाच वाईट सवयीही येत. चालू यंत्रातील कापूस हाताने काढणे, फिरत्या पुलीवर हातानेच पट्टा चढविणे, ही कामे जुनाजाणता माणूस सहज करतो हे पाहून नवख्याला त्यातच मर्दुमकी वाटे, आणि ज्याची बोटे गेली तो आपले दैव खोटे म्हणून गावी परते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना अधिनियमाने शिक्षणाचा प्रश्न प्रथमच स्पष्टपणे हाती घेतला. चालू यंत्राची तपासणी करणे, त्याला तेल देणे अशी कामे अंगाबरोबरचे कपडे घातलेल्या आणि खास शिक्षण मिळालेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावीत, असे त्याचे २२ वे कलम सांगत असे. आणि ज्याचे वय अठराच्या आत आहे अशाला धोकादायक यंत्रावर लावण्यापूर्वी त्या यंत्राचे सर्व धोके पूर्णपणे समजावून दिलेले असले पाहिजेत, आणि त्याला पुरेसे शिक्षण तरी मिळालेले असावे किंवा जाणत्या माणसाची देखरेख तरी असावी, असे २३ वे. पुढे १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये जे घडले, त्यानंतर १९८७ साली याच कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. रासायनिक कारखान्याने आपल्याकडील धोके कामगारांपासून आणि आसपासच्या रहिवाशांपासूनही लपवू नयेत, हे बंधन आले. १११-क या नव्या कलमाने तर कामगाराला सुरक्षेविषयीची माहिती मागण्याचा आणि प्रशिक्षण मिळविण्याचा हक्क दिला: शक्य तेथे कारखान्यातच, नाहीतर मालकाने पाठविलेल्या मान्यताप्राप्त संस्थेत. तोपर्यंत जे मालकाचे कर्तव्य अथवा औदार्य होते, ते येथे कामगाराचे मागणे झाले. या कलमाची माहिती किती कामगारांना होती, असा प्रश्न कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या दाराशी उभे राहून विचारून पाहावा. मला तरी होकार देणारा कामगार अद्याप भेटलेला नाही.

भोपाळच्या चाळीस वर्षे आधी मुंबईनेच या अज्ञानाची किंमत मोजली होती. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये होती आणि त्यांच्याच संगतीला कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या. दुपारी धूर दिसला, बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. पण स्फोटक माल वाहणाऱ्या जहाजाने चढवावयाचे तांबडे निशाण त्यावर नव्हते, त्यामुळे आसपासच्या धक्क्यांवरील माणसे आपापली कामे करीत राहिली किंवा आग पाहत उभी राहिली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे प्राणांस मुकली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान होते, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर पाळला जातो. धूर दिसल्यापासून स्फोट होईपर्यंत जवळजवळ दोन तास हाताशी होते. एवढ्या अवधीत गोदी रिकामी होऊ शकली असती. परंतु जो धोका माणसांना सांगितलेलाच नाही, त्यापासून दूर होण्याचे त्यांना सुचावे कसे? म्हणून प्रशिक्षणाचा पहिला पाठ हा माहितीचा आहे: या पिंपात काय आहे, या नळातून काय वाहते, ते अंगावर पडले तर काय होते आणि हवेत मिसळले तर वारा कोणत्या दिशेचा आहे हे पाहून कोठे पळावयाचे.

माहिती दिली म्हणजे शिक्षण झाले असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील जहाजबांधणीच्या धक्क्यांवर हजारो अननुभवी माणसांना थोड्या अवधीत कामाला लावावे लागले, तेव्हा चार्ल्स ॲलन यांनी शिकविण्याची चार पायऱ्यांची एक रीत बसविली. आणि १९४० नंतर 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या नावाने तिचा विस्तार होऊन ती जगभर पसरली. शिकणाऱ्याची भीड प्रथम मोडावी आणि त्याला काय ठाऊक आहे ते पाहावे. मग काम सावकाश करून दाखवावे, त्यातील मर्माच्या जागा आणि त्यांची कारणे सांगावीत. नंतर तेच काम त्याच्याकडून करवून घ्यावे. आणि अखेर त्याला स्वतंत्रपणे कामाला लावून, अडले तर कोणाला विचारावयाचे ते सांगून, वरचेवर येऊन पाहावे. यातील तिसरी पायरी हा या रीतीचा प्राण आहे. तेथे शिकणाऱ्याने नुसते काम करावयाचे नसते. हात चालत असताना आपण अमुक गोष्ट का करीत आहोत हे त्याने तोंडाने सांगावयाचे असते. ज्याला कारण सांगता येत नाही त्याला काम आलेले नाही असे समजावे, आणि तो दोष शिकविणाऱ्याचा मानावा.

हात, डोळा आणि वाणी यांना एकत्र जुंपण्याचे हे तत्त्व जपानी रेल्वेने फार पुढे नेले. तेथील चालक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतो, आणि आपल्याकडेही रेल्वे-इंजिनातील चालक व साहाय्यक चालक सिग्नलचा रंग परस्परांना पुकारून सांगतात. पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. परंतु जपानच्या रेल्वे-संशोधन संस्थेने १९९४ साली केलेल्या प्रयोगात, काहीच न करता काम करणाऱ्यांच्या हातून शंभर क्रियांमागे २.३८ चुका झाल्या, तर बोट दाखवून आणि उच्चारून काम करणाऱ्यांच्या हातून ०.३८, म्हणजे चुका सहाव्या हिश्श्यावर आल्या. सरावलेले मन वस्तू न पाहताच पाहिली असे मानून पुढे जाते, त्याला हा उच्चार क्षणभर रोखून धरतो.

ज्या ठिकाणी माणसाची नैसर्गिक बुद्धी आणि सत्प्रवृत्तीच त्याचा घात करते, त्या ठिकाणी शिक्षणाची खरी कसोटी लागते, आणि अशी सर्वांत भयंकर जागा म्हणजे टाकी, मॅनहोल, चेंबर, जुनी विहीर यांसारखी बंदिस्त पोकळी. २०२४ च्या एप्रिल महिन्यात अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात वाकडी या गावी, शेणाच्या गॅससाठी वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढावे म्हणून एक माणूस उतरला. तो परत येईना म्हणून दुसरा, त्याच्यामागून तिसरा, अशी एकामागून एक माणसे उतरत गेली आणि पाच जण तेथेच गतप्राण झाले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि त्याला वर ओढून घेता आले. ही घटना शेतातली आहे. तथापि गटारे साफ करताना, रासायनिक टाक्या धुताना, सांडपाण्याच्या चेंबरमध्ये पंप दुरुस्त करताना जे घडते ते तंतोतंत असेच घडते. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ साली अशा मृत्यूंची छाननी केली, तेव्हा मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे ही वाचवायला उतरलेली होती असे आढळले.

हे का घडते, ते प्रत्येक कामगाराला त्याच्या भाषेत समजले पाहिजे. आपल्या सभोवतालच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो पार कमी झाला तर माणूस गुदमरेल, धडपडेल, ओरडेल, अशी आपली कल्पना असते. परंतु श्वास कोंडल्याची जाणीव शरीराला मुख्यत्वे साठलेल्या कर्बवायूमुळे होते, प्राणवायूच्या अभावामुळे फारशी होत नाही, आणि म्हणून प्राणवायू नसलेल्या हवेचे दोन-चार श्वास घेताच माणूस कसलीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपून कोसळतो. कुजणाऱ्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तर याहून कपटी. आरंभी त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असा भ्रम होतो. विहिरीत कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडील जुनी रीतही पुरेशी नाही. ज्योत विझली तर धोका निश्चित, पण ती जळत राहिली म्हणून विषारी वायू नाही असे ठरत नाही, आणि आत मिथेन असेल तर तीच ज्योत स्फोटाला कारण होईल. उपाय ठरलेले आहेत: आधी वायुमापकाने हवा तपासावी, पंख्याने ताजी हवा खेळवावी, उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि त्याचा दोर वर तिवईच्या कप्पीवर असावा, आणि वरच्या माणसाने काही झाले तरी खाली उतरू नये. यातील शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण. सख्खा भाऊ अथवा रोजचा जोडीदार डोळ्यांदेखत कोसळला असताना पाय रोवून उभे राहावयाचे आणि दोर ओढावयाचा, हे काही व्याख्यान ऐकून जमणारे नव्हे. त्यासाठी रिकाम्या, निर्धोक टाकीवर पुन:पुन्हा तालीमच करावी लागते, म्हणजे प्रसंग आला असता मनाचा गोंधळ होण्यापूर्वी हात दोराकडे वळतात.

येथे एका गैरसमजाचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. १९३१ साली हर्बर्ट हाइनरिक यांनी औद्योगिक अपघातांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात शंभरातील ८८ अपघात कामगारांच्या असुरक्षित वर्तनामुळे होतात असे प्रतिपादन केले होते, आणि तो आकडा अनेक दशके सुरक्षेच्या वर्गांतून वेदवाक्यासारखा सांगितला गेला. हाइनरिक विमा कंपनीत होते, आणि त्यांचा आधार म्हणजे बव्हंशी मालकांकडून व मुकादमांकडून आलेले अहवाल, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. अपघातानंतर मुकादमाने लिहिलेल्या कैफियतीत दोष कोणाच्या माथी जाणार हे सांगावयास नको. याचा परिणाम असा झाला की शिक्षण म्हणजे कामगाराला सावधपणाचा उपदेश, असे समीकरण रूढ झाले. वस्तुत: ज्या प्रेसला दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय चालत नाही अशी रचना आहे, किंवा हात आत जाताच किरण तुटून यंत्र थांबते अशी सोय आहे, तेथे दमलेल्या, झोपमोड झालेल्या, घरच्या चिंतेने ग्रासलेल्या माणसाचीही बोटे शाबूत राहतात, आणि जेथे ही सोय पैसे वाचविण्यासाठी केलेली नाही, अथवा उत्पादन वाढावे म्हणून काढून टाकून पायाचे पेडल दिलेले आहे, तेथे दहा व्याख्यानांनीही ती वाचणार नाहीत. शिक्षणाने कठड्याची जागा घ्यावयाची नाही. कठडा का आहे आणि तो काढला गेला तर आपण काय करावयाचे हे शिक्षणाने सांगावयाचे.

आणि काय करावयाचे याचे उत्तर, काम थांबवावयाचे, हे आहे. दुरुस्तीपूर्वी स्विच बंद करून त्यावर स्वत:चे कुलूप लावण्याची आणि किल्ली स्वत:च्याच खिशात ठेवण्याची जी पद्धत चांगल्या कारखान्यांत आहे, तिचे महत्त्व मला यासाठीच वाटते, की तेवढ्या वेळापुरता तो फिटर यंत्राचा धनी होतो आणि व्यवस्थापकालाही त्याच्या अनुज्ञेवाचून ते सुरू करता येत नाही. कायदाही या दिशेने काही पावले चालला आहे. १९८७ च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांच्या कारखान्यांतील कामगाराला, धोका तोंडाशी आला असे वाटल्यास, मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळविण्याचा अधिकार दिला. आणि आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने, गंभीर इजेची अथवा मृत्यूची रास्त भीती वाटल्यास तसाच अधिकार तिच्या कक्षेतील सर्व आस्थापनांच्या कामगारांना दिला असून, धोक्याची खात्री पटल्यास तत्काळ उपाय करणे मालकावर बंधनकारक केले आहे. परंतु ज्याचे नाव ठेकेदाराच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेले आहे आणि ज्याला उद्या गेटवरूनच परत पाठविता येते, तो हा अधिकार बजावणार कोणाच्या बळावर? चाकण, भोसरी, तळोजा, वाळूज येथे आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आणि आपल्याच मराठवाड्या-विदर्भातून आलेली मुले कंत्राटावर उभी आहेत. त्यांना सूचनाफलकाची इंग्रजी वाचता येत नाही, कित्येकांना मराठीही नाही, आणि सर्वांत धोक्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येते. त्यांना शिकवावयाचे तर त्यांच्यातीलच एखादा जाणता सोबती शिक्षक म्हणून तयार केला पाहिजे, आणि कोणी धोका पाहून काम थांबविले तर त्याची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, हे मालकाने पहिल्याच दिवशी सर्वांसमक्ष सांगितले पाहिजे. हे शब्द उच्चारले गेले नाहीत, तर उरलेले सर्व शिक्षण कामगार बरोबर ओळखतो आणि विसरून जातो.

एका क्षेत्राविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण तेथे ही सुधारणा फारशा खर्चावाचून, येत्या हंगामापासून करता येण्याजोगी आहे. आपले साखर कारखाने पावसाळ्यात बंद असतात, आणि हंगामाच्या तोंडाशी बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ सर्वत्र थाटाने होतो. बॉयलर हे यंत्र धोक्याचे आहे, ही जाणीव सरकारला फार पूर्वी झाली. १८६३ साली कलकत्त्याला एक बॉयलर फुटला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलरांच्या तपासणीचा कायदा झाला, आणि पुढे देशभर अशी शिस्त बसली की परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविलेल्या माणसावाचून बॉयलर चालवू नये. त्याच कारखान्याच्या आवारात, बॉयलरपासून हाकेच्या अंतरावर, मळीच्या टाक्या असतात, आसवनीची किण्वनपात्रे असतात, सांडपाण्याची कुंडे असतात. त्यांत आंबण्याच्या क्रियेने कर्बवायू साठतो, तो हवेहून जड असल्याने तळाशी बसून राहतो, आणि हंगामापूर्वी ती साफ करायला जो उतरविला जातो तो बहुधा हंगामी किंवा रोजंदारीचा माणूस असतो. त्याच्याकडे कोणी प्रमाणपत्र मागत नाही. अग्निप्रदीपनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक कारखान्याने या माणसांसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, भरपगारी. त्यांना मोकळ्या टाकीशी न्यावे, वायुमापक त्यांच्या हाती द्यावा, पट्टा बांधून प्रत्येकाला एकदा वर ओढून काढावे आणि प्रत्येकाकडून एकदा दुसऱ्याला ओढवून घ्यावे, आणि हे शिकविण्याचे काम बाहेरून आणलेल्या वक्त्याऐवजी त्याच टाक्यांवर वीस-पंचवीस हंगाम काढलेल्या जुन्या मुकादमाकडे, त्याला आधी नीट शिकवून, सोपवावे. वायुमापक, तिवई आणि दोर यांची खरेदी समारंभाच्या मांडवाचे आणि हारतुऱ्यांचे बिल ज्या बैठकीत संचालक मंडळापुढे मंजुरीला येते, त्याच बैठकीत मंजूर करून घेता येईल.